सारसाची भावकी

सारसांच्या बाबतीत वसंताचा शब्द शेवटचा. किरनापूरच्या अलीकडे त्याची धानाची शेती आहे, आणि गेली वीस वर्षं सारसाची एक जोडी त्याच्याच बांधीत, धानाच्या पाणी भरलेल्या वाफ्यात, घरटं घालत आली आहे. घरटं दिसलं की वसंता भोवती चार काठ्या रोवणार, लाल चिंध्या बांधणार. त्या काठ्यांच्या आत रोपांची रोवणी नाही की कापणी नाही. तेवढं धान गेलं तर गेलं. कुणाचा चुकून पाय पडलाच, तर त्याची काही खैर नाही.

आणि हाच भला माणूस पाणकोंबडीच्या मात्र हात धुऊन मागे लागलेला! ती नवी रोपं मोडून त्यातच बसते, हा तिचा गुन्हा. दर रोवणीला तो तिचं घरटं उचलायचा आणि अंड्यांसकट धुऱ्यापलीकडे, शेताच्या बांधापार, भिरकावून द्यायचा. त्याची बायको विमलाबाई म्हणायची, राहू द्या. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, सारस घरचा पाहुणा, ही आपली कोण लागते?

पाखरांची नातीगोती त्यानं स्वतःच लावून टाकली होती. सारस, बगळा, करकोचा, सगळे लांब टांगांचे, म्हणजे एका घराण्यातले. शाळेतल्या पोरांनाही तो हेच ठासून सांगायचा.

यंदा जूनमध्ये सारस मोजायला बालाघाटहून दीपिका नावाची मुलगी आली. तिच्याजवळ एक मोठा तक्ता होता, आशिया खंडातल्या पाखरांची कुळं दाखवणारा. वसंतानं आपलं घराणं सुरू केलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग जरा भीत भीतच सांगितलं की बगळा नाही, करकोचाही नाही, सारसाची जवळची नातलग ती पाणकोंबडी. वसंता खो खो हसला. मग तिनं विचारलं, काका, सारसाचं पिल्लू अंड्यातून निघालं की कितव्या दिवशी चालतं? एक-दोन दिवसांत, तो म्हणाला. पाणकोंबडीचं? तेही तसंच. आणि बगळ्याचं? ते तर कित्येक दिवस घरट्यात चोच उघडून बसलेलं असतं. हे सगळं त्याच्याच डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

आषाढात रोवणी लागली आणि बांधीच्या कोपऱ्यात पाणकोंबडी बसलेली दिसली. वसंताचा हात सवयीनं पुढे गेला आणि तिथंच थांबला. रोवणाऱ्या बायांना त्यानं दुसऱ्या टोकाला धाडलं आणि घरी येऊन विमलाबाईला लाल चिंधी मागितली.

"काहाले?"

"पाणकोंबडी बसली हाय. सारसाची भावकी हाय ते."

बायको खूश होईल असं त्याला वाटलं होतं. ती जुनं लुगडं फाडता फाडता थांबली.

"आन् भावकी नसती तं?"

वसंतानं चिंधीसाठी हात पुढे केला.

"मागच्या साली तुम्ही फेकलं, त्यातलं एक अंडं फुटलं नव्हतं," ती म्हणाली. "मी कानाले लावून पाह्यलं. आतून चोच मारून राह्यलं होतं."

वर्षभर ती हे बोलली नव्हती. तिनं चिंध्या फाडून त्याच्या हातावर ठेवल्या आणि चुलीकडे वळली.

वसंता बांधीवर परत आला. पाणकोंबडी त्याला पाहून उठली, चार पावलं गेली आणि रोपांत उभी राहिली. त्या दिवशी चार काठ्या रोवायला त्याला फार वेळ लागला.