नाव झाकलेला पेपर

पेपर हातात घेतला की गुरुजी आधी डावा तळवा वरच्या कोपऱ्यावर ठेवायचे. नंबर, शाळा, गाव सगळं झाकायचं, मगच वाचायला लागायचं. "गाव कळलं की हात सैल सुटतो, न्हाईतर आखडतो, गड्या," म्हणायचे.

मी चौथी शिकलेला, कोरेगावच्या एका शाळेत शिपाई. गुरुजी शेजारी राहायचे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला निबंधाचा विषय काढायचं काम त्यांच्याकडं होतं. सुचलेला विषय ते आधी आमच्या चुलीपुढं, माझ्या बायकोकडं आणायचे. आमची पोरगी आजोळी आष्ट्याला शिकत होती, घरात विषय ऐकणारं पोर नव्हतं, म्हणून आमचं घर त्यांना चालायचं.

"वहिनी, समुद्रकाठची संध्याकाळ. बोला."

"आवं, मी आष्टा सोडलं नि कोरेगाव बघितलं. समिंदर कुठला?"

"कटाप. कवठे महांकाळच्या पोरानं तरी कुठं बघितलाय? बरं, गावचा बाजार?"

मग भाकरी करपेस्तोवर ती बोलली. "वांगं घेताना देठ बघावं, विकणारीचं तोंड बघू नये. तोंड बघितलं की भाव करवत न्हाई."

गुरुजी लय हसले. "वहिनी, चला साताऱ्याला. परीक्षकांना हेच सांगत असतो मी."

कुठला विषय ठरला, ते आम्हाला कधी सांगायचे नाहीत.

सांगलीकडचे पेपर साताऱ्यात तपासत. गठ्ठे सोडायला मी असायचो. आधी सगळ्या मास्तरांनी एकच पेपर तपासायचा. एक तीन गुण देणार, दुसरा आठ. गुरुजी दोघांना समोरासमोर बसवायचे. "मुद्द्याला किती? अक्षराला किती कापले? भांडा." भांडून दोघं जवळ आले की मगच गठ्ठे वाटायचे.

त्या साली आमची पोरगी परीक्षेला बसली होती. शिष्यवृत्ती मिळाली तरच वसतिगृहात राहून पुढं शिकणार होती. विषय बाजारच निघाला.

एक पेपर वाचता वाचता गुरुजी शेवटाला येऊन थांबले. माझ्याकडं बघितलं. तळवा कोपऱ्यावरच होता, पण आता त्याचा उपयोग नव्हता. वांग्याचं देठ आलं होतं, विकणारीचं तोंड आलं होतं.

पेपर शेजारच्या मास्तरांकडं सरकवला. "हा तुम्ही बघा. मला लिहिणारी कळली."

त्या मास्तरांनी भाषा गावंढळ म्हणून गुण कापले. शिष्यवृत्ती थोडक्यात गेली. पुढच्या साली पोरीचं लगीन लावलं.

मी त्यांच्या दारात जाऊन विचारलं, "गुरुजी, तुमी तपासला असता तर तुमचं काय जात व्हतं?"

"बाकीच्या पोरांचं गेलं असतं, रं."

मी बोलणं सोडलं. बायको मात्र त्यांना ताक धाडत राहिली. "त्यास्नी माझं बोलणं वळखू आलं न्हवं? मग!"

ती गेली तेव्हा गुरुजी काठी टेकत आले. चुलीपुढं तिच्या पाटाशेजारी बसले आणि पोरीचा निबंध पहिल्यापासून म्हणून दाखवला. एवढ्या वर्षांनी. देठही आलं, विकणारीचं तोंडही आलं. मी ऐकत होतो. बोलत होती ती आमची हीच.

पुढं महिन्याभरात तेही गेले.

आता बाजार मीच करतो. देठ बघतो, पण नजर वर जातेच. मग ती बाई म्हणेल तो भाव.