डावखुरा हिरो

काल दुपारी टीव्हीवर लहानपणी पाहिलेला एक सिनेमा लागला आणि थोड्याच वेळात माझं डोकं फिरलं. त्यातला हिरो उजव्या हातानं भाकर खात होता. माझ्या आठवणीत तर तो पक्का डावखुरा होता.

तेव्हा बोरी अरबला बाजाराच्या मैदानात पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुरुष पडद्यासमोर बसायचे आणि आम्हा बायका-पोरींना मागच्या बाजूची जागा मिळायची. फुटाण्यांचा वास यायचा, वाऱ्यानं पडदा फुगला की हिरोचं तोंडही फुगायचं.

माझी आई डावखुरी. ती डाव्या हातानं वाढते म्हणून आजी रोज तिच्या हातातली पळी हिसकून घ्यायची. त्या दिवशी हिरोनं डाव्या हातानं घास घेतला, तशी आई हळूच आजीला म्हणाली, "पाहा ना आत्याबाई, हिरोबी डावखुराच हाये." त्यानंतर आजीनं पळी हिसकली नाही.

म्हणजे पडद्याच्या मागं बसवल्यामुळं आम्हाला सगळा सिनेमाच उलटा दिसला होता. मी चिडून आईला म्हटलं, "आपल्याले उलटा सिनेमा दाखवला वं."

डाव्या हातानं चहा ढवळत आई म्हणाली, "मले तवाच समजलं होतं. पडद्यावरची नावं उलटी दिसत होती. तुह्या आजीले वाचता येत नव्हतं."

ती हसली. मला हसू आलं नाही. आपल्याच घरात आपल्या हातानं वाढायला तिला एका हिरोची साक्ष काढावी लागली, आणि तीही खोटी.