काड्यांवरची कोंबडी

आखाड संपत आला की आमच्या निफाडच्या मळ्यात कोंबडी भाजतात. श्रावणात घरात वशाट चालत नाही, म्हणून त्याआधी एकदा. जाळ करायचा तो द्राक्षाच्या छाटणीतल्या वाळक्या काड्यांचा. या काड्या भसकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. गेल्या वर्षी भुरभुर सुरू झाली होती, मला घाई होती. कोंबडी वरून करपली, म्हणजे झाली, असं धरून मी ती उतरवली. मांडीचा मोठा तुकडा धाकट्या भावाला वाढला. हाडापाशी तो गुलाबी होता. मी पाहिलं होतं.

जुलाब दोघांनाही झाले. गोळ्या घेतल्या, बरे झालो. पंधरवड्यानं भाऊ म्हणाला, पायाला मुंग्या येतात. मग त्याला जिना चढवेना, चमचा धरवेना. नाशिकच्या दवाखान्यात शेवटी श्वासासाठी यंत्र लावलं. आजार नसांचा निघाला, जीबीएस. डॉक्टरबाईंनी समजावलं, की काही जंतूंचं वरचं आवरण आपल्या नसांशी मिळतंजुळतं असतं. त्यांच्याशी लढायला शरीर जे तयार करतं, ते नसांवरच उलटतं. मी कोंबडीचं विचारलं. अर्धकच्च्या कोंबडीतून असा जंतू येतो, पण पाण्यातूनही येतो, त्या म्हणाल्या. तुमच्या बाबतीत नक्की सांगता येणार नाही. एकाला होतं आणि दुसऱ्याला का नाही, तेही सांगता येत नाही.

मला मात्र नक्की हवं होतं. नक्की असतं तर निदान माफी मागता आली असती.

आता तो काठी घेऊन ओट्यापर्यंत जातो. यंदाची छाटणी तोंडावर आली, तरी कात्री हातात ठरत नाही. आमच्या शिवारात त्याच्याइतका सफाईचा हात कुणाचा नव्हता. तो हात परत येईल का, हे कुणी छातीठोक सांगत नाही.

परवा त्याची बोटं चोळून देताना मी त्या गुलाबी तुकड्याचं सांगितलं. तो बागेकडे बघत म्हणाला,

"कच्चं होतं ते. पहिल्याच घासाला कळलं मला."

"मग टाकलं का नाहीस?"

"तू वाढलं होतं ना, दादा."

मोठ्या माणसानं वाढलेलं ताटात टाकायचं नाही, हे लहानपणी मीच त्याला शिकवलं होतं. एकदा त्यावरून थोबाडीतही दिली होती.

माझे हात थांबले होते. त्यानं दुसरा हात माझ्यापुढे सरकवला.