केरबा रविवारी कुठं जातो

आमच्या शिवाजी पेठेत कुणाच्या घरी काय शिजतंय हे फोडणी पडायच्या आधी शेजारच्यांना कळतं. अशा पेठेत केरबा दर रविवारी पावणेसहाला कुठं जातो, हे नऊ वर्षं कुणाला कळलं नाही. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मला मात्र ते सारखं खुपायचं. मी मूळचाच चौकस, आणि पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तर तेवढंच काम उरलंय.

केरबा आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा जुना गोलकीपर. आता मिरची कांडपाची गिरण चालवतो. दिवसभर तिखटात उभा, त्यामुळं डोळे कायम लाल. पूर्वी ते दुसऱ्या कारणानं लाल असायचे. एका फायनलला तो गोलपोस्टला टेकून झोपला आणि आम्ही मॅच हरलो, हे पेठ अजून विसरलेली नाही. मग एकदा तो जोतिबाला गेला, गुलाल उचलून शपथ घेतली, आणि दारू एका झटक्यात सुटली. निदान पेठेत सगळे तसंच सांगत. कुणाचा नवरा वाया चालला की बायका त्याला केरबाच्या गिरणीवर पाठवायच्या. शपथेचा माणूस म्हणून त्याचा मान होता. मीही दोनदा गुलाल उचलला आणि दोनदा शपथ मोडली, पण ते जाऊ दे.

"कुठं चाललाईस?" मी दर रविवारी विचारायचो.

"पंचगंगेवर. फिरून येतो."

नदी एकीकडं आणि हा वळायचा भलतीकडं. या वयात कुठंतरी सूत जुळलंय, असं मी धरून चाललो. एकदा स्कूटरवरून पाठलागही केला. शाळेच्या बोळात हा दिसेनासा झाला, आणि मी परत फिरलो.

उलगडा झाला तो गेल्या सीझनच्या तोंडावर. रविवार होता. तालमीच्या माडीवर आम्ही दहाबारा जण गोल खुर्च्या टाकून नव्या जर्सीच्या रंगावरून भांडत होतो. केरबा नेहमीसारखा दाराशी बसून घड्याळ बघत होता. तेवढ्यात जिना चढून एक पन्नाशीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर विभूती, हातात कापडी पिशवी. खुर्च्यांचा गोल बघून त्याच्या जिवात जीव आला.

"बोला पावणं," मी म्हणालो. आम्ही सगळ्यांनाच म्हणतो.

त्यानं डोळे मिटले. "मी शंकरप्पा. हुपरीचा. मी दारुडा हाय."

जर्सीचं भांडण तिथंच थांबलं. तो बोलतच राहिला. "चांदीचं काम करतोय. पैंजणाला घुंगरू जोडताना हात थरथरतोय. आज पिऊन आलासा तर दार उघडणार न्हाय, म्हणाली आमची बायको शांतव्वा. तीनदा वीरभद्राची शपथ घेतली, तीनदा मोडली. दारू सोडायच्या मीटिंगवाल्यांनी फोनवर सांगितलं, तालमीच्या मागं, सहा वाजता, गोल खुर्च्या असत्यात. बोला म्हटलं की बोलायचं. म्हणून बोललो."

तेव्हा मी हसलो. मोठ्यानं. सांगायची लाज वाटते, पण हसलो.

आमचा कॅप्टन राजवीर म्हणाला, "पावणं, ही फुटबॉलची मीटिंग हाय की! आणि मीटिंगा करून दारू सुटती व्हय? ह्यो आमचा केरबा बघा. एकदा गुलाल उचलला, पुन्हा थेंबाला शिवला न्हाय. माणसाच्या मनात पायजे." पोरगा वाईट नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

"मग माज्या मनातच नसंल," शंकरप्पा म्हणाला आणि जिन्याकडं वळला. आमच्या जिन्याला लागूनच बार आहे. तो खाली उतरला तर कुठं शिरणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

केरबा उठला.

"थांबा पावणं. गुलाल मी उचलला हुता, खरं हाय. आठव्या दिवशी मोडला, ह्याच खालच्या बारात. मग मीटिंगला गेलो. नऊ वर्सं दर रविवारी तिथंच जातोय. एका झटक्यात सुटली हे मीच पेठेला सांगितलेलं, ते खोटं हाय." त्यानं आमच्याकडं बघितलं नाही. "तुमी निस्तं दार चुकलाय. मागच्या शाळंत हाय. चला, सहा वाजत आलं."

मी खिडकीतून बघितलं. शंकरप्पाची पिशवी केरबाच्या हातात होती आणि बारच्या बाजूनं तो स्वतः चालत होता. लहान पोराला रस्त्यावरून नेतात तसं त्याला पलीकडं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीवर हजर. तिथं काय करता? भाषण असतं का? गोळ्या देतात?

"काय न्हाय. च्या पितो. ज्यानं त्यानं आपलं सांगायचं. मधी कोण बोलत न्हाय."

"आणि कोण कोण येतं?"

"ते इचारायचं न्हाय." त्या पाहुण्याचं नावसुद्धा मी इथं बदललंय, त्याच अटीवर केरबानं स्वतःचं लिहू दिलं.

मला पटेना. देवाची शपथ टिकत नाही आणि चहा कसा टिकतो?

"शपथ जन्माची असती, मर्दा. जन्माचं मला झेपत न्हाय. आजचं तेवढं झेपतंय. आणि शपथ मोडली की माणूस तोंड लपवत फिरतो. हितं मोडली की आदी हितंच यायचं."

पेठेनं आठवडाभर टोमणे मारले. नऊ वर्षं फसवलंस की रं, म्हणाले. गिरणीवर कुणी नवऱ्याला पाठवेना. केरबाला ते लागलं, मला दिसत होतं.

पुढच्या रविवारी माडीच्या खिडकीतून शंकरप्पा येताना दिसला. या वेळी तो सरळ शाळेच्या बोळात गेला. पावणेसहा झाले, केरबा उठला. मी काही विचारलं नाही. त्याच्या मागं जिना उतरलो आणि चपला शोधू लागलो.

"कुठं चाललाईस?" या वेळी त्यानं विचारलं.

नुसतं बघायला, असं म्हणणार होतो. पण बाहेर आलं ते वेगळंच. "मी पण दोनदा मोडलीया."

"म्हाईत हाय की," केरबा म्हणाला. "त्या दिवशी तुजी स्कूटर ऐकू आलती. शाळंच्या फाटकाआड थांबलतो, येतोस का बघत. तू परत फिरलास."