फायरप्रूफ पेटी आणि चुलत्यांचं खरेदीखत

"खरं खत घाल म्हनतोय ना! रद्दी घालून परीक्षा घेतोस व्हय पेटीची?" गुऱ्हाळाच्या चुलवणापुढे उभे राहून चुलते असे गरजत होते, की पुणतांब्याच्या घाटावर बायांच्या हातून धुणं निसटून गोदावरीत वाहून गेलं.

पेटी पलटणीच्या मोडीतली. लढाई संपल्यावर मीच भिंगारच्या बाजारातून आणलेली. झाकणावर पांढऱ्या रंगात इंग्रजी शब्द. गावात इंग्रजी दुसरीपर्यंत पोचलेला मी एकटाच, म्हणजे गोऱ्या साहेबाच्या खालोखाल माझाच मान. "फायरप्रूफ," मी वाचलं. "आगीला दाद न देणारी." आठ दिवसांत शब्द गावभर झाला. फायरप्रूफ बैल, फायरप्रूफ धोतर. गूळ रांधणाऱ्या आमच्या गुळव्याने तर तो सासूलाही लावून टाकला.

चुलत्यांचा मात्र कशावरच विश्वास नव्हता. बेचाळीसात कुठल्याशा चावडीचं दप्तर जळाल्याचं ऐकल्यापासून ते सहा एकरांचं खरेदीखत पोटाशी बांधून झोपत. जमीन भाऊबंदांकडून घेतलेली, आणि भाऊबंद कागद हरवायची वाट बघत टपलेले.

"काका, जुनं पंचांग घालू आत."

"पंचांगासाठी पेटी कशाला जीव टाकंल? माल बघून राखन करत्यात समदे. तुजं आन् त्या भिंगारवाल्याचं काय तरी साटंलोटं हाय!"

खत आत गेलं, कुलूप लागलं, पेटी चुलवणात गेली. गुळव्याने चेवाने चिपाडं सारली. ज्वाळा अशा उठल्या, की आभाळातली घार भाजून खाली पडली. काहिलीतल्या रसाचा गूळ झाल्यावर पेटी बाहेर ओढली. लालभडक, पण शाबूत!

"बघा!" मी म्हणालो.

निवल्यावर चुलत्यांनी झाकण उघडलं. आत चिमूटभर राख. त्यांनी आधी माझा खिसा चाचपला, मग गुळव्याचा.

संध्याकाळी भाऊबंद बांधावर फिरून गेले, नुसतेच हसत. चुलते जेवले नाहीत. सकाळी आम्ही कोपरगावला रजिस्टर कचेरीत. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "नोंदलेलं खत ना? अर्ज लिहा. नक्कल मिळेल."

चुलत्यांनी डोळे बारीक केले. कारकून, टेबल, मागचं कपाट, सगळं निरखलं. "आन् उद्या तुमची कचेरीच जळाली तर?"

"तर उद्या कचेरी बंद," कारकून म्हणाला.