ब्राह्मणपुरीचा समुद्र

शहाद्याच्या बसस्थानकावर शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "कथा चालना, भाऊ?" (कुठे निघालास?)

"ब्राह्मणपुरीला. समुद्राचा फोटो आणायला."

आजोबांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. "पानी पे पयले."

त्यांचंही बरोबर होतं. इथे केळी, ऊस, कापूस. समुद्र पार गुजरातेत. पण काका जाऊन वर्ष झालं होतं आणि वडिलांना आपल्या थोरल्या भावाचा हसरा चेहरा एकदा बघायचा होता. आमच्याकडचे काकांचे सगळे फोटो स्टुडिओतले, गुडघ्यांवर हात ठेवून चौकशीला बोलावल्यासारखे बसलेले. हसरा फोटो एकच. तो होता काकीच्या ट्रंकेत आणि काकी तो कुणाला देत नव्हती.

केळीच्या बागा ओलांडून काकीच्या घरी पोचलो. काकीनं फोटो दाखवला मात्र लगेच. सुरतजवळच्या डुमसच्या वाळूत काका पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत पाय पसरून बसलेले, हातात अर्धं भजं, हसून हसून डोळे मिटलेले. कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं धूसर बोट. समुद्रकाठचे असे जुने फोटो मला फार आवडतात. माणसं घरून रुबाबात निघतात आणि वाळूत पाय रुतला की सगळं विसरतात.

"मोबाइलवर काढून घेऊ?"

"नही! चड्डी शे ना ती. आख्खं गाव हासी."

मग शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) वाढली. दुसऱ्याच घासाला माझे नाक-डोळे वाहू लागले. काकीनं पदरानं माझे डोळे पुसले. "काकानी याद उनी का रे, बेटा?"

जीभ पेटलेली होती. मी नुसती मान हलवली.

काकी विरघळली. "काढ फोटू. पन धरसु मी." तिनं बरोबर चड्डीवर अंगठा दाबून फोटो धरला. मी सगळे कोन करून पाहिले, अंगठा हटला नाही.

"काकी, हा काढला कुणी होता?"

"मीच काढेल शे. कॅमेरा उलटा धरेल व्हता, म्हनीसन हासी ऱ्हायनात त्या." (म्हणून तर ते हसताहेत.) आणि ती स्वतःच हसत सुटली.

नाशिकला परतल्यावर वडिलांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. आधी हसले, मग डोळे पुसले, तेही शेवभाजी न खाता. मी त्यांना काकीची हकिकत सांगितली. दुसऱ्या दिवशी आम्ही फोटो छापायला गेलो.

दुकानदार म्हणाला, "छान येईल. ते कोपऱ्यातलं बोट आणि मधला अंगठा तेवढा काढून टाकतो."

वडील काउंटरवर ओणवे झाले.

"हात लावायचा नाही. ती आमची वहिनी आहे."