पळसपानांचा माणूस

लग्न होऊन अमरावतीहून अकोल्याला आले, तेव्हा माझे थोरले दीर बेपत्ता होऊन बरीच वर्षं झाली होती. लढाईत ते विमानात वायरलेसवर होते. ब्रह्मदेशाच्या जंगलावर गेलेलं ते विमान परतलंच नाही. आधी बेपत्ता असल्याची तार आली, मग मेले असं समजा म्हणून सरकारनं कळवलं, आणि पुढे सिंगापूरला कुठल्याशा भिंतीवर त्यांचं नाव कोरलं. भिंत सिंगापूरला, माणूस जंगलात, आणि माझ्या थोरल्या जाऊबाई अकोल्यात, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून. प्रेत कोणी पाहिलं नाही, मग वैधव्य कसलं, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. गल्लीतल्या बायका त्यांना सवाष्णीचा मान द्यायच्या, पण कुंकू लावताना त्यांचं बोट जरा अडखळायचं.

घरात दीर सगळीकडे होते. त्यांचा सदरा दाराआडच्या खुंटीवर असायचा. दिवाळीला धुतला की पुन्हा तिथंच. त्यांच्या पाटावर मी नवखेपणी एकदा बसले, तर सगळ्यांचे हात ताटातच थांबले. ज्याला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही अशा माणसाला चुकवत चुकवत मी त्या घरात वावरायला शिकले. मला त्यांची भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

माझं पहिलं मूल आठवडाभरही जगलं नाही. दुसरं पोटातच गेलं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी निदान केलं. "त्याले अग्नी नाई भेटला. तो अडकून राह्यला हाय घरात. तुही कूस कशी उजवंन?" माझा यावर विश्वास बसला नाही असं सांगितलं तर मी शहाणी ठरेन, पण बसला. मला मूल हवं होतं.

बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला, की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. पुतळा जळला की माणूस मेला आणि बायको विधवा झाली. ती बारा वर्षं भरली होती. जाऊबाईंना विचारायची छाती कोणाची होईना, शेवटी सासूबाईंनीच विचारलं. जाऊबाई माझ्या पोटाकडे बघत राहिल्या आणि "करा," एवढंच म्हणाल्या.

अंगणात भटजींनी दर्भ आणि पळसाची पानं मांडली, डोक्यासाठी नारळ ठेवला आणि उंची विचारली. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला पुढे उभं केलं. भाऊ भावासारखाच असणार, असा त्यांचा हिशेब. भटजींनी दोरीनं त्यांचं माप घेतलं आणि पुतळा बांधला. वर पांढरं कापड पडलं तशी मी हादरले. तेच खांदे, तीच लांबी. माझा नवरा शेजारी धडधाकट उभा होता आणि माझा नवराच खाली झोपला होता.

"हे ते नाईत," जाऊबाई म्हणाल्या. "हे भावजी हायेत. जित्या मानसाले काहून जाळून राह्यले?"

"मंग उंची सांगा ना, बाई," भटजी चिडून म्हणाले.

आकड्यात त्या कुठून सांगणार? त्या पुढे झाल्या, आणि पुतळ्याच्या पायांशी पाय जुळवून त्याच्या शेजारी जमिनीवर आडव्या झाल्या. सासूबाई किंचाळल्या, "उठ वं! काय अभद्र करून राह्यली?" जाऊबाई उठल्या नाहीत. त्यांचं डोकं जवळजवळ नारळाला टेकलं होतं.

"माहं डोस्कं त्याईच्या खांद्याले लागे," त्या म्हणाल्या. "नारळ वर घ्या."

भटजींनी मुकाट्यानं आणखी पानं बांधली आणि नारळ वर सरकवला. जाऊबाईंनी कूस बदलून तोंड पुतळ्याकडे केलं. त्या बराच वेळ तशाच पडून होत्या. कोणीच त्यांना उठवलं नाही. मग पुरुषमंडळी पुतळा मोर्णा नदीच्या काठी घेऊन गेली, आणि दहाव्या दिवशी जाऊबाईंचं कुंकू पुसलं गेलं.

मला मुलगा झाला, आणि तो जगला. बारशाला सासूबाईंनी त्याला उचलून सगळ्या बायकांदेखत जाऊबाईंच्या मांडीवर ठेवलं. "घे. तुहा नवराच माघारी आला." बायका पदरानं डोळे टिपू लागल्या. मलाही ते खरंच वाटलं.

जाऊबाईंनी बाळाचं अंगडं नीट केलं. आवाज जरासुद्धा न चढवता त्या म्हणाल्या, "आत्याबाई, मी जित्ते म्हनत होती, तं तुमी जाळाले लावले. आता जाळले, तं तुमीच परत आनून राह्यल्या."

मग बाळ उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"घे वं तुहं लेकरू. ते मेले. आता तरी त्याईले मरू द्या."